घोड्याच्या टापांखालचा चेहरा

प्रवासाला जाणाऱ्या माणसाला काही ना काही नाद असतो. कुणी नाणी जमवतं, कुणी किल्ल्यांच्या दरवाजांचे फोटो काढतं, कुणी प्रत्येक गावातली मिठाई चाखून बघतं. मला गेली काही वर्षं एका ख्रिस्ती संताचे पुतळे शोधण्याचा नाद लागला आहे. संताचं नाव सांतियागो. चिलीच्या राजधानीमुळे हे नाव आपल्या कानांवर असतं, पण तो स्पेनचा राष्ट्रीय संत, तिथला संरक्षक मानला गेलेला संत आहे.

दोस्त चिडवतात, ‘मुसलमान माणूस तू, बुतं बघत काय फिरतोस?’ माझं उत्तर असतं की इबादत वेगळी आणि अभ्यास वेगळा. शिवाय या संताच्या कित्येक पुतळ्यांच्या पायथ्याशी एक मुसलमान पडलेला असतो. डोक्याला फेटा, पिळदार मिशा, उघडं तोंड, कधी धडावेगळं झालेलं शिर. वर पांढरा घोडा, घोड्यावर तलवार उगारलेला संत. या रूपाला स्पॅनिशमध्ये ‘सांतियागो मातामोरोस’ म्हणतात, म्हणजे मूरांना मारणारा सांतियागो. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेले आणि स्पेनमध्ये राहिलेले मुसलमान.

बाकीचे लोक संताचा चेहरा बघतात. मी आधी खालचा चेहरा बघतो आणि मग पुतळा कोणत्या साली उभा राहिला ते शोधतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की जे दिसतं, त्यासाठी हा लेख.

आधी संताची ओळख. सांतियागो म्हणजे संत याकूब. हजरत ईसांच्या बारा शिष्यांपैकी एक, जब्दीचा मुलगा, गालील सरोवरावरचा कोळी. कुरआनात ईसांच्या साथीदारांना ‘हवारी’ म्हटलं आहे. त्यांची नावं तिथे नाहीत, पण त्यांचा उल्लेख आदराने येतो. ख्रिस्ती परंपरेप्रमाणे हेरोद अग्रिप्पा राजाने इसवी सन ४४ च्या सुमारास याकूबला तलवारीने मारलं. म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जन्माआधी पाचशेहून अधिक वर्षं हा माणूस जग सोडून गेला होता. त्याने आयुष्यात मुसलमान पाहिलेला नाही, आणि बायबलात त्याच्या हाती कुठे तलवार दिसत नाही. तो ज्या तलवारीने मेला, तीच पुढे त्याच्या हातात आली.

गोष्ट अशी सांगतात की त्याचं शव समुद्रमार्गे स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियात पोचलं. नवव्या शतकाच्या सुरुवातीला एका साधूला रानात दिवे दिसले, तेओदोमिर नावाच्या बिशपने तिथे कबर शोधली आणि अल्फोन्सो दुसरा या राजाने तिच्यावर चर्च बांधलं. हेच आजचं सांतियागो दे कोंपोस्तेला. त्या काळात स्पेनचा बहुतेक भाग कोर्दोबाच्या उमय्या अमिरांच्या ताब्यात होता आणि उत्तरेच्या डोंगरांत लहान लहान ख्रिस्ती राज्यं तग धरून होती. त्यांना एक मोठा आधार मिळाला. कबर खरी की खोटी हा वाद मी घालत नाही. श्रद्धेने शेकडो मैल चालत येणाऱ्या माणसाला आपण आपल्याकडेही पुरावा मागत नाही.

वाद आहे तो घोड्याचा.

स्पेनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली कथा अशी: सन ८४४ च्या सुमारास लोग्रोन्योजवळ क्लाविहो इथे राजा रामिरो पहिला आणि मूर यांची लढाई झाली. कारण काय, तर मूर दरवर्षी शंभर कुमारिकांची खंडणी मागत आणि रामिरोने ती नाकारली. आदल्या रात्री सांतियागो राजाच्या स्वप्नात आला आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या घोड्यावर बसून रणात उतरला. मूरांची कत्तल झाली. कृतज्ञ राजाने सनद दिली की यापुढे शेतकऱ्यांनी धान्याचा आणि द्राक्षारसाचा ठरावीक हिस्सा सांतियागोच्या चर्चला द्यावा, आणि लढाईतल्या लुटीत संताला एका घोडेस्वाराइतका वाटा मिळावा.

आज इतिहासकार ही लढाई झालीच नाही असं मानतात. ती सनदही बनावट आहे. ती बाराव्या शतकात, म्हणजे कथित लढाईनंतर तीनशे वर्षांनी, कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्येच तयार झाली. त्या बनावट कागदाच्या जोरावर शेतकऱ्यांकडून शतकानुशतकं धान्य वसूल झालं. १८१२ मध्ये कादिझच्या संसदेने हा कर रद्द केला, राजाने तो पुन्हा आणला, आणि १८३४ मध्ये तो कायमचा गेला. कुणाच्या तरी भीतीची गोष्ट सांगायची आणि तिचा खर्च आपल्याच शेतकऱ्याकडून काढायचा, ही रीत आपल्याला अनोळखी वाटू नये.

क्लाविहोच्या जवळच अल्बेल्दा गाव आहे. तिथे मात्र ८५९ साली खरी लढाई झाली. एका बाजूला राजा ओर्दोन्यो पहिला, दुसऱ्या बाजूला मूसा इब्न मूसा. हा मूसा ‘बनू कासी’ घराण्यातला. हे घराणं आपला मूळपुरुष कासियस नावाचा व्हिसिगॉथ सरदार मानत असे. तो मुसलमानांच्या विजयानंतर इस्लाममध्ये आला होता. म्हणजे ज्या खऱ्या लढाईची सावली क्लाविहोच्या दंतकथेवर पडली असावी असं समजलं जातं, तिच्यातला ‘मूर’ सरदार त्याच मातीतला होता. त्याचे नातेसंबंध पांप्लोनाच्या ख्रिस्ती राजघराण्याशीही होते. पुतळ्याखालचा माणूस परदेशी दाखवावा लागतो, कारण तो शेजारी किंवा सोयरा निघाला तर तलवार खाली येणार नाही.

मुसलमान वाचकांनी इथे दुसरी बाजूही बघायला हवी. सन ९९७ मध्ये कोर्दोबाचा सर्वाधिकारी हाजिब अल-मन्सूर फौज घेऊन कोंपोस्तेलापर्यंत गेला. शहर जाळलं, चर्च पाडलं. कबरीला मात्र त्याने हात लावू दिला नाही. अरबी इतिहासकार सांगतात की कबरीजवळ एक म्हातारा साधू एकटाच बसला होता. इथे काय करतोस असं अल-मन्सूरने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की याकूबची सेवा करतो. अल-मन्सूरने त्याला सोडून द्यायला सांगितलं. हा प्रसंग आपले लोक अभिमानाने सांगतात. त्याच मोहिमेतला दुसरा प्रसंग सहसा सांगत नाहीत. चर्चच्या घंटा काढून ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या गेल्या आणि तिथल्या मोठ्या मशिदीत त्यांचे दिवे केले गेले. १२३६ मध्ये फर्नांदो तिसऱ्याने कोर्दोबा जिंकलं, तेव्हा परंपरा सांगते की त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या. ओझं तेच, रस्ता तोच, फक्त खांदे बदलले. अल-मन्सूरच्या नावाने छाती फुगवायची असेल, तर मग मातामोरोसच्या पुतळ्याबद्दल तक्रार करायचा हक्क आपण गमावतो.

आता पुतळ्यांकडे. सांतियागोची तीन रूपं आहेत. पहिलं शिष्याचं: हातात ग्रंथ किंवा दंड, शांत बसलेला. कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ या दरवाजात मातेओ या कारागिराने घडवलेला असा सांतियागो आहे. तिथल्या कोरीव लेखावर ११८८ हे साल आहे. दुसरं रूप यात्रेकरूचं: रुंद टोपी, टोपीवर शिंपला, हातात काठी, काठीला पाण्याचा तुंबा. हा संत स्वतःच्याच कबरीच्या वाटेवर चालत असतो. वारकऱ्याच्या वेशातला विठोबा कल्पून पाहा, म्हणजे यातली गोडी कळेल. तिसरं रूप मातामोरोसचं.

कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला तेराव्या शतकातलं एक अर्धगोल शिल्प आहे. घोड्यावरच्या सांतियागोचं ते फार जुनं शिल्प, आणि त्याला क्लाविहोचंच नाव आहे. संताच्या हातात तलवार आणि निशाण आहे, भोवती हात जोडलेल्या आकृती आहेत. त्या खंडणीतून सुटलेल्या कुमारिका, असं समजतात. पण घोड्याखाली मूर नाही! हे शिल्प घडलं तेव्हा ग्रानादाचं मुसलमान राज्य पडायला अडीचशेहून अधिक वर्षं होती आणि दक्षिणेत खऱ्या मूरांशी खऱ्या लढाया चालू होत्या. ज्या काळात शत्रू जिवंत होता, त्या काळातल्या या शिल्पकाराला त्याला टापांखाली घालायची गरज वाटली नाही.

मग टापांखालचे मूर वाढले कधी? माझ्या वहीतली काही सालं सांगतो. ग्रानादा पडलं १४९२ मध्ये. उरलेल्या मुसलमानांना पुढच्या काही दशकांत सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. त्यांना मोरिस्को म्हणत. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर हाकललं. बाप्तिस्मा होऊन शंभर वर्षं झालेली माणसंही त्यातून सुटली नाहीत. यानंतर स्पेनमध्ये उघडपणे मुसलमान म्हणून जगणारा समाज उरला नव्हता. आणि ग्रानादाच्या कॅथेड्रलमधला आलोन्सो दे मेनाचा घोडेस्वार सांतियागो १६४० च्या सुमाराचा. लोग्रोन्योच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवरचा अजस्र मातामोरोस सतराव्या शतकातला. लेओनच्या सान मार्कोस मठाच्या दारावरचा अठराव्या शतकातला. कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमधला होसे गांबिनोचा अठराव्या शतकातला. समोरच्या राहॉय वाड्याच्या माथ्यावरचाही त्याच शतकातला.

पंधराव्या-सोळाव्या शतकांतलेही मातामोरोस सापडतात, नाही असं नाही. पण जे सर्वांत भव्य आहेत, रस्त्यावरून जाता-येता दिसावेत असे आहेत, त्यांतले बरेचसे मूर निघून गेल्यानंतरचे आहेत. शत्रू घरात नसताना त्याचं चित्र भिंतीवर मोठं होत गेलं.

याचं कारण स्पेनच्याच इतिहासात सापडतं. सतराव्या शतकात साम्राज्याची घसरण सुरू झाली होती, तिजोरी रिकामी होती. त्याच काळात स्पेनचा संरक्षक संत कोण यावर देशभर वाद पेटला. आविलाच्या संत तेरेसाला सांतियागोच्या जोडीने संरक्षक करावं, असा एका गटाचा आग्रह होता. ती अलीकडची, लिहिणारी, मठ उभारणारी बाई. विशेष म्हणजे तिचं आजोळ नव्हे, पण तिच्या वडिलांचं घराणं यहुदी धर्मातून आलेलं होतं. केवेदो हा मोठा कवी सांतियागोच्या नावाच्या लष्करी पंथाचा सरदार होता. त्याने १६२८ मध्ये सांतियागोच्या तलवारीची बाजू घेऊन लेखन केलं. शेवटी १६३० मध्ये तलवार जिंकली. पुढे १६३९ मध्ये राजाची मर्जी फिरली आणि याच केवेदोला कैद करून ठेवलं, ते लेओनच्या सान मार्कोस मठात. तो मठ सांतियागो पंथाचाच! आज तिथे आलिशान हॉटेल आहे. मधल्या काळात, स्पेनच्या यादवी युद्धात, तिथे फ्रँकोने हजारो राजकीय कैदी कोंडले होते. दारावरचा संत तेव्हाही घोड्यावरच होता, आणि आत कोंडलेले लोक मूर नव्हते.

सर्वांतेसला हे सगळं आधीच दिसलं असावं. ‘डॉन किहोते’च्या १६१५ मधल्या दुसऱ्या भागात काही मजूर चादरीखाली झाकलेले संतांचे पुतळे घेऊन चाललेले भेटतात. चादर काढल्यावर त्यात मातामोरोसही निघतो. किहोते त्याची भरभरून तारीफ करतो. भोळा सांचो मात्र विचारतो की स्पॅनिश लोक युद्धघोषात सांतियागोला हाक मारून स्पेन ‘बंद कर’ का म्हणतात, स्पेन काय उघडा पडला आहे का? मोरिस्कोंना हाकलून देशाचे दरवाजे नुकतेच बंद केले होते, त्या वेळचा हा विनोद आहे. आणि या कादंबरीचा मूळ लेखक म्हणून सर्वांतेसने एक काल्पनिक मूर उभा केला आहे, सीदे हामेते बेनेन्हेली.

हा घोडा स्पेनपुरता थांबला नाही. जहाजात बसून तो आपल्या दारापर्यंत आला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं. अल्बुकर्क स्वतः सांतियागो पंथाचा होता. त्याच्या मुलाने लिहिलेल्या आणि १५५७ मध्ये छापलेल्या वृत्तान्तात अशी कथा आहे की, लाल क्रूस आणि लखलखतं चिलखत घातलेला तो सरदार कोण, असं पराभूत मुसलमानांनी विचारलं, आणि तो सांतियागोच होता हे अल्बुकर्कने ओळखलं. क्लाविहोची गोष्ट मांडवीच्या काठावर पुन्हा सांगितली गेली. लढाईनंतर काय घडलं ते अल्बुकर्कने स्वतः राजाला कळवलं आहे. चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली, मशिदी माणसांनी भरून पेटवल्या, बायकामाणसं धरून सहा हजार मेले. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मारू नये असा त्याचा हुकूम होता. पण तीस वर्षांनी, १५४० नंतर, त्याच हिंदूंची देवळं पाडली जाऊ लागली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं.

मनिलातही तेच. तिथल्या ‘फोर्ट सांतियागो’च्या दरवाजावर मातामोरोस कोरलेला आहे आणि तो किल्ला राजा सुलेमान या मुसलमान राजाच्या गढीच्या जागेवर उभा आहे. पेरूमध्ये तर मूर नव्हतेच. तिथे दंतकथा सांगते की १५३६ च्या वेढ्यात कुस्कोमध्ये सांतियागो प्रकटला. मग चित्रांत टापांखाली फेट्याऐवजी इंका योद्धा आला आणि संताचं नाव झालं ‘मातइंदियोस’, इंडियनांना मारणारा. थोडक्यात, टापांखालची जागा कायमची कुणा एकाची नसते. आज तिथे दुसरा आहे म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

विसाव्या शतकात हा घोडा आणखी विचित्र वळणावर आला. १९३७ मध्ये फ्रँकोने सांतियागोला पुन्हा स्पेनचा संरक्षक जाहीर केलं. त्याच फ्रँकोच्या बाजूने मोरोक्कोचे हजारो मुसलमान सैनिक लढत होते आणि पुढे त्याचे अंगरक्षकही ‘मूर’च होते. त्यांच्यातलाच मोहम्मद मिझ्झियान हा सेनानी पन्नाशीच्या दशकात गॅलिसियाचा लष्करप्रमुख झाला. तो समारंभाला येई तेव्हा पुतळ्याखालच्या मूरांवर कापड टाकत, असं तिकडे सांगतात. २००३ मध्ये स्पॅनिश तुकडी इराकमध्ये, नजफच्या परिसरात गेली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर सांतियागोचा तलवारीसारखा लाल क्रूस होता. हजरत अलींच्या मजारीच्या शहरात! स्पेनमध्येच त्यावर टीका झाली.

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले, १९० हून अधिक माणसं गेली. हे कृत्य करणारे स्वतःला मुसलमान म्हणवत होते. त्यानंतर काही आठवड्यांतच कॅथेड्रलने गांबिनोचा मातामोरोस हलवून संग्रहालयात ठेवायचं ठरवलं. इतर लोकांच्या भावना दुखावू नयेत, असं कारण दिलं. त्यावर गदारोळ उठला आणि निर्णय मागे घेतला गेला. पुतळा जागेवर राहिला, फक्त पायथ्याशी फुलं रचली गेली. मी पाहिला तेव्हा तो तसाच होता. वर उगारलेली तलवार, खाली पांढऱ्या फुलांचा ताटवा. काही माहीत नसलेल्या माणसाला वाटावं की हा संत फुलं कापतो आहे.

ती फुलं ठेवणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका नाही. पण माझं मत विचाराल तर ती काढावीत. पुतळा फोडायचा नाही, हलवायचाही नाही. शेजारी एक साधी पाटी लावावी: क्लाविहोची लढाई झाली नाही, सनद बनावट होती, ज्याचा हा पुतळा तो इस्लामच्या कितीतरी आधी वारला, आणि हा पुतळा बसवला तेव्हा या देशातून मूरांना घालवून शतक उलटलं होतं. झाकलेला चेहरा तसाच राहतो. वाचता आलेला चेहरा मात्र बोलू लागतो. उत्सवाच्या कमानींवर कोणता प्रसंग रंगवावा यावरून आपल्या मिरजेत २००९ साली काय पेटलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिथेही प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा नव्हता, त्या वर्षीच्या गरजेचा होता.

सुरुवातीला दोस्तांना दिलेल्या उत्तरात मी म्हटलं की खाली एक मुसलमान पडलेला असतो. इतके पुतळे पाहिल्यावर मी त्याला नुसता मुसलमान म्हणत नाही. तो बनू कासीसारखा तिथलाच माणूस आहे, बाप्तिस्मा घेऊनही हाकलला गेलेला मोरिस्को आहे, कुस्कोचा इंका आहे, गोव्यातला जुळाहा किंवा नावाडी आहे. आणि वरचा संतही तितकाच अडकलेला आहे. हजरत ईसांचा हवारी, जाळी टाकून त्यांच्यामागे निघालेला कोळी, त्याला कुणी विचारलं नाही की घोडा हवा आहे का.

कोंपोस्तेलाला आता वर्षाला चार लाखांहून अधिक यात्रेकरू पोचतात. त्यांतले बरेच लोग्रोन्योहून चालत जातात. तिथल्या चर्चच्या भिंतीवर दोन सांतियागो आहेत. वर घोड्यावरचा, खाली काठी घेतलेला. स्पेनला जायचा योग आला तर त्या भिंतीसमोर पाच मिनिटं थांबा. वरच्याचं साल बघा, त्याच्या टापांखाली कोण आहे ते बघा. मग खालच्याकडे बघा. तो कुणालाही तुडवत नाही, त्याला फक्त पुढच्या गावापर्यंत पोचायचं आहे.